जड नळीचा उन्हाळा

शिमगा सरला की घणसोलीत काचा हलायला लागतात. मी सेक्टरातल्या टॉवरमध्ये राहते. खाली रस्ता, रस्त्यापलीकडे गाव, आणि गावात माझं माहेर. चैत्र उजाडला की गावात रोज कुणाची ना कुणाची हळद असते, आणि हळद म्हटली की डीजे. आधी खिडकीची काच थरथरते, मग मांडणीवरच्या वाट्या, आणि मग आपल्या बरगड्या. सोसायटीतले लोक ग्रुपवर तक्रारी टाकत बसतात. आमचे हे साताऱ्याकडचे, तुर्भ्याच्या मार्केटात सारी हयात गेलेली. ते दर उन्हाळ्यात एकदा तरी विचारतात, तुमच्यात हळद लावतात का लढाईला निघतात? एका वर्षी आमच्याकडे दोन्ही एकाच संध्याकाळी झालं होतं, आणि ते त्यांना अर्धंच माहीत आहे.

बाहेरच्यांना आमचा हा मोसम रंगीत वाटतो. पिवळ्या साड्या, सोन्याने भरलेले गळे, नाचणाऱ्या म्हाताऱ्या. मला त्याचा वास आधी आठवतो. सकाळी गल्लीत बोकड पडतो. त्याचं ते शेवटचं ओरडणं डीजेच्या टेस्टिंगमध्ये बुडून जातं. दुपारपर्यंत गटारातून एका बाजूने रक्त आणि दुसऱ्या बाजूने हळदीचं पाणी वाहत येतं. पुढे कुठेतरी दोन्ही मिसळतात आणि वीटकरी रंगाचं काहीतरी खाडीकडे जातं. मोठाल्या टोपांत मटण शिजतं, पुरुष सकाळपासून प्यायलेले असतात, आणि मागच्या वर्षीचं भांडण ह्या वर्षीच्या मांडवात हमखास उकरून निघतं. डोकी फुटतात. टाके घालून माणसं परत जेवायला बसतात. लहानपणी मला वाटायचं, सगळीकडे लग्नं अशीच होत असणार.

त्या वर्षीच्या मोसमात माझा दादा बंदुकीसाठी नवी नळी निवडत होता.

बंदूक बापूंची, म्हणजे आमच्या वडिलांची. पॉइंट टू-टू रायफल. एकदा घोडा ओढला की पुढची गोळी आपोआप आत येणारी. आता जिथे टॉवर आहेत तिथे खाडीपर्यंत भातशेती होती, आणि पीक तयार झालं की डोंगरातून रानडुकरं उतरायची. पिकाच्या राखणीसाठी म्हणून बापूंनी परवाना काढला होता. खरं तर डुकराला ती गोळी म्हणजे गांधीलमाशीचा डंख. एका गोळीने डुक्कर मरत नसे, उलट चवताळून अंगावर येई. म्हणून तर बापूंना लागोपाठ गोळ्या सुटणारी बंदूक हवी होती. मी एकदा बांधावरून पाहिलंय. बापूंनी कानामागे गोळ्या घातल्या, डुक्कर गुडघ्यावर बसलं, उठलं, आणि सरळ बापूंच्या रोखाने सुटलं. तेव्हा बाजूच्या वाफ्यातून आमचे धाकटे काका कोयता घेऊन धावले आणि त्यांनी त्याची मान अर्धी तोडली. चिखलात पडूनही ते बराच वेळ पाय झाडत होतं. दोघे भाऊ शेजारी बसून विडी ओढत त्याच्या थंड होण्याची वाट पाहत होते. एकाची गोळी आणि दुसऱ्याचा कोयता, असं मिळून आमच्या घरात एक डुक्कर मरायचं. काकांचा मुलगा दामोदर आणि माझा दादा त्या दिवशी डुकराच्या शेपटीसाठी भांडले होते. ते भांडण खेळातलं होतं.

मग शेतं गेली. शहर आलं. जमिनीच्या बदल्यात बापू आणि काका ह्या दोघांच्या नावाने गावाच्या कडेला एक प्लॉट मिळाला. म्हातारे होते तोवर त्यावर क्रिकेट चालायचं आणि मांडव पडायचे. बापूंच्या मागे रायफल वारसाने दादाकडे आली. दादा म्हणायचा, राखायला शेत नाही, मारायला डुक्कर नाही, पण राखणदार घरात हवाच. निवडणूक लागली की तो ती चादरीत गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करायचा, निकाल लागला की परत आणायचा. अधूनमधून रेंजवर जाऊन कागदी चकत्यांना भोकं पाडायचा. आणि दसऱ्याला वहिनी तिची पूजा करायची. घरातल्या सगळ्या लोखंडाबरोबर, कोयता, पहार, विळी, गाडीची चावी, रायफलही पाटावर निजायची. वहिनी तिला ओलं हळदकुंकू लावायची आणि नळीच्या तोंडात झेंडूचं फूल खोचायची. आमच्या भागातल्या बहुतेक बंदुका दसऱ्याला अशाच तोंडात फूल धरून असतात.

काका गेले आणि दामोदरने प्लॉटला भिंत घातली. कुणाला विचारलं नाही, की सांगितलं नाही. दादाने एका दुपारी जाऊन ती पहारीने पाडली, भर उन्हात, एकट्याने, तिच्या एकेका विटेला शिव्या घालत. नंतर धुळवड आली. सगळं गाव रंगलेलं होतं, कोण कुणाचं ते ओळखू येत नव्हतं. मी माहेरच्या ओट्यावर बसले होते. दादा गल्लीतून येत होता आणि मागून दामोदर आला. त्याच्या हातात बांधकामाच्या साईटवरची लोखंडी सळई होती. त्याने हाक मारली, दादा वळला, आणि सळई त्याच्या भुवईखाली बसली. आवाज नारळ फोडल्यासारखा आला. दादा खाली पडला तरी दामोदरने आणखी मारलं, खांद्यावर, पाठीवर, आडवातिडवा, आणि मारताना तो स्वतःच रडत होता. पलीकडे लोक नाचत होते. सगळ्यांचे चेहरे लाल होते, त्यामुळे दादाच्या चेहऱ्यावरचं लाल वेगळं आहे हे बराच वेळ कुणाच्या लक्षात आलं नाही.

दादाचा डावा डोळा गेला. डॉक्टरांनी वाचवायचा प्रयत्न केला, पण वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी हॉस्पिटलात त्याच्या उशाशी बसले होते आणि तो छताकडे बघत होता. मी रडत होते. तो म्हणाला, "रडतेस कशाला? नेम धरताना डावा डोला मिटायलाच लागतो. आता मिटायची कटकट गेली, बग."

दामोदर काही दिवस आत होता, मग जामिनावर सुटला. मी कशाला खोटं बोलू? मलाही तो मेलेला हवा होता. भाजी चिरताना मी त्याची बोटं चिरत असे. त्याच्या गाडीखाली तोच कसा सापडेल, पाचव्या मजल्यावरून फरशी नेमकी कशी निसटेल, ह्याची चित्रं मी भांडी घासता घासता रंगवत असे, आणि मला त्यात सुख वाटे. माणूस शिकलेला असला, दर गुरुवारी उपास करत असला, म्हणून त्याच्या मनातला कोयता बोथट होत नाही. सोसायटीतल्या बायका म्हणायच्या, तुम्ही गाववाले फार डेंजर. मी हसून सोडून द्यायचे. त्या म्हणत होत्या ते खरंच होतं.

जखम सुकल्यावर दादा रायफल घेऊन रेंजवर गेला. एका डोळ्याने कसं जमतं ते त्याला बघायचं होतं. पहिली गोळी सुटली आणि काहीतरी बिघडल्याचं त्याला हातालाच कळलं. वहिनीने खोचलेलं फूल कधीतरी वरून तुटलं होतं. त्याचं देठ आणि ओलं कुंकू आत गेलं होतं, आणि दसऱ्यापासून नळीत सुकून घट्ट बोळा बसला होता. आत गोळी अडली, मागचा जोर निघायला वाट मिळेना, आणि साप उंदीर गिळून पडावा तशी नळी मध्येच फुगली. रेंजवरच्या लोकांनी दादाला झाप झाप झापलं. नशीब म्हणून हात शाबूत राहिला. वहिनीने मात्र घरी येऊन गावदेवीपुढे नारळ ठेवला. तिचं म्हणणं होतं, देवीनेच बंदुकीचं तोंड बंद केलं, आता ते उघडू नका. दादा तिला म्हणाला की देवीला निरोप दे, मी नवीन नळी आणतोय.

त्याला एका डोळ्याने गाडी चालवायची सवय झाली नव्हती, म्हणून मुंबईतल्या दुकानात मी त्याला घेऊन गेले. नळी बदलण्याची परवानगी त्याने रीतसर काढली होती. फुगलेली नळी दाखवल्यावर कुणी आडकाठी केली नाही. मार खाल्लेला माणूस तो, त्याच्यावर संशय कोण घेणार?

ते दुकान मला अजून स्वच्छ दिसतं. बाहेर ऊन भाजून काढत होतं आणि आत गारवा, तेलाचा वास, भिंतीवर काचेमागे उभ्या बंदुका. दुकानदार पांढऱ्या केसांचे, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. माझ्यासाठी त्यांनी थंड पाणी मागवलं. साडी घ्यायला आलेल्या बाईपुढे एकेक घडी उलगडावी तशा त्यांनी मखमलीवर नळ्या मांडल्या. एक बारीक, टोकाकडे निमुळती होत गेलेली. एक मधली. आणि एक जाड, बुडापासून तोंडापर्यंत एकाच मापाची, पाणी भरायच्या पाइपासारखी. भोक सगळ्यांना सारखंच, गोळी तीच. फरक फक्त भोवतीच्या पोलादाचा.

दादाने आधी बारीक नळी उचलली, तोलली, लगेच ठेवून दिली. मधलीला हातही लावला नाही. जाड नळी मात्र त्याने दोन्ही हातांत घेतली, ट्यूबलाइटकडे धरली आणि उजवा डोळा लावून आतून पाहिलं. आतली पीळदार खाच प्रकाशात फिरताना दिसते म्हणे. तो फार वेळ पाहत राहिला. डोळा गेल्यापासून त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी पाहिलं नव्हतं, आणि ते बघून मला बरं वाटलं. एखाद्या आजारी माणसाने पहिल्यांदा नीट जेवावं तसं वाटलं.

दुकानदार समजावून सांगत होते. गोळी सुटताना बंदूक तोंडाकडून उडते, तोंड जड असलं की ती जागची हलत नाही. आपल्या श्वासाने, छातीच्या ठोक्याने नेम हलतो, तोही जड नळीत दबून जातो. लागोपाठ गोळ्या झाडल्या तरी जाड पोलाद लवकर तापत नाही, त्यामुळे नेम सरकत नाही. पण एक गोष्ट त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितली. ही घेऊन चालाल तर तासाभरात खांदा भरून येईल. शेतातून, रानातून फिरणाऱ्याने बारीक घ्यावी. जड नळी घ्यायची ती बसून नेम धरणाऱ्याने. तुमचं काम कसलं, असं त्यांनी विचारलं.

दादा म्हणाला, "चालतंय कोन? मी बसनार हाय."

दुकानदार हसले. रेंजवर टेबलाशी बसून नेमबाजी करणारी हौशी माणसं त्यांनी खूप पाहिली असतील. मीही हसले. जुनी नळी त्यांच्या मिस्त्रीने काढली, नवी बसवली, आणि दस्त्याची, म्हणजे खांद्याला लागणाऱ्या लाकडाची, खाच अजून थोडी रुंद करावी लागेल, ती घरी पॉलिश पेपरने घासा, असं सांगितलं.

वाशीच्या पुलावर मला कळलं. ओहोटी होती, चिखल उघडा पडला होता, मागच्या सीटवर चादरीत गुंडाळलेली रायफल होती आणि शेजारी दादा डोळे मिटून बसला होता. म्हणजे एक मिटून. आणि मला त्याच्या गच्चीवरचं वाळूचं पोतं आठवलं. कठड्याला लागून, अर्धं भरलेलं, वरून हाताने चापून मध्ये खळगा केलेलं. वहिनीने तुळस लावायला आणवलं असेल असं मी समजले होते. तो खळगा कुंडीचा नव्हता. त्या कठड्यावरून मैदानापलीकडे तो प्लॉट दिसतो. आणि त्याच प्लॉटवर, त्याच वैशाखात, दामोदरच्या मुलीच्या हळदीचा मांडव पडणार होता.

मी गाडी कडेला घेतली नाही, पुलावर ती घेता येत नाही. मी सरळ विचारलं, हळदीच्या दिवशी का? दादाने डोळा उघडला नाही. म्हणाला, "तू गाडी चालव."

तेव्हा मी पोलिसांकडे का गेले नाही, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर आहे. पोलिसांनी रायफल नेली असती. मग दादाने कोयता उचलला असता. कोयत्याला परवाना लागत नाही, पोतं लागत नाही, मांडवाची वाटही पाहावी लागत नाही. रायफल होती तोवर तो थांबणार होता, हे मला ठाऊक होतं. आणि दुसरं उत्तर असं की त्याचा तो रिकामा डोळा पुसताना मी पाहिला होता, आणि माझ्या मनाचा एक हिस्सा म्हणत होता, मार.

पुढचे दिवस दादा गच्चीवर बसून लाकूड घाशीत असे. संध्याकाळी मी जायचे. पॉलिश पेपरची खसखस, अक्रोडाच्या लाकडाचा गोडसर भुसा, खाडीकडून येणारा कुबट वारा. नळी खाचेत ठेवून बघायचा, काढायचा, पुन्हा घासायचा. बाळंतिणीने बाळाचं अंग चोळावं तसा तो त्या पोलादाला तेल चोळायचा. आणि ते सगळं फार शांत होतं. आमच्या घरात इतकी शांतता मी आधी कधी अनुभवली नव्हती. वहिनी खाली भाकऱ्या थापायची आणि वर बघायची नाही.

दामोदरची मुलगी प्राजक्ता आमंत्रण द्यायला एकटीच आली. ही लहानपणी अर्धी दादाच्याच घरी वाढलेली. भांडण झाल्यापासून दोन्ही घरांचं येणंजाणं बंद होतं, तरी ती आली, दादाच्या पायाशी अक्षत ठेवली आणि मान खाली घालून म्हणाली, "मोठे काका, पयली हलद तुमी लावायची. तुमी नाय आलात तर मी लावून घेनार नाय." आमच्यात घरातल्या थोरल्याने पहिली हळद लावायचा रिवाज आहे, आणि भावकीत थोरला दादाच. ती गेल्यावर अक्षतीचे तांदूळ त्याने वेचून कबुतरांना टाकले.

हळदीच्या दिवशी मी पिवळी साडी नेसले आणि मांडवाकडे न जाता दादाच्या गच्चीवर गेले. तो पोत्यामागे बसला होता. मला पाहून म्हणाला, बस, पण बोलू नको. सूर्य खाडीवर टेकला होता. मैदानापलीकडे मांडव एवढासा दिसत होता, पिवळा, माणसांनी भरलेला, आणि डीजेचे ठोके गच्चीच्या स्लॅबमधून आमच्या पायांत चढत होते. दादा घाई करत नव्हता, कारण त्याला आमचा रिवाज माहीत होता. हळद लावायची वेळ झाली की डीजे बंद होतो. मग धवलारीण, म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी म्हातारी, धवळे गायला लागते, आणि धवळे चालू असेपर्यंत मुलीच्या शेजारी आईबाप जागचे हलत नाहीत. एरवी दामोदर पाहुण्यांत भिरभिरत असणार. तेवढा वेळच तो स्थिर बसणार होता.

डीजे थांबला. कान बधिर झाले. मग त्या शांततेतून म्हातारीचा किरटा आवाज मैदानावरून तरंगत आला. मांडवाच्या मध्यात एक पिवळा ठिपका आणि त्याच्या शेजारी एक पांढरा. दादाने गाल दस्त्याला टेकवला. जड नळी वाळूच्या खळग्यात अशी निजली होती की ती हलेल असं वाटतच नव्हतं. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. तो हळूहळू कमी होत गेला आणि थांबला.

मी काय विचार केला ते सांगता येणार नाही, कारण मी विचार केलाच नाही. तो पिवळा ठिपका पांढऱ्याकडे झुकला, बापाच्या कानात काही सांगायला झुकतात तसा, आणि मी खालून दोन्ही हातांनी नळी वर ढकलली. गोळी सुटली. दादाने बोट काढलं नाही. मी नळीला लोंबकळले होते आणि तो ओढत होता, पुन्हा, पुन्हा, आणि आभाळात सगळ्या गोळ्या जात होत्या, आणि तो ओरडत होता, शब्द नसलेलं काहीतरी, त्या बांधावरच्या डुकरासारखं. रिकामी झाली तेव्हा त्याने दस्ता फिरवला. तो माझ्या तोंडावर बसला. माझा दात ओठातून आला. मी कठड्याशी पडले, तोंडात रक्ताची गरम खारट चव, आणि त्याने मला मारायला पुन्हा दस्ता उचलला.

तेवढ्यात मांडवातून जल्लोष उठला.

गावाला पुढचं सगळं तोंडपाठ आहे. थोरला भाऊ रुसून घरी बसला होता, पण पुतणीचे धवळे ऐकले आणि त्याला राहवलं नाही. गच्चीवर चढून त्याने आभाळात बार काढले. आमच्याकडे आनंदाने बार काढणारे पूर्वी होते, त्यामुळे कुणाला शंकाही आली नाही. शिट्ट्या झाल्या, नाव घेऊन घोषणा झाल्या, कुणीतरी मोबाइलवर आवाजासकट शूटिंग केलं. ते फिरत फिरत पोलिसांपर्यंत गेलं. दादावर हळदीत गोळीबार केल्याचा गुन्हा दाखल झाला, परवाना रद्द झाला, आणि ती जड नळीची रायफल कायमची जमा झाली. हर्षाच्या भरात, असंच सगळीकडे लिहिलं गेलं. माझा भाऊ आनंद झाल्याबद्दल गुन्हेगार ठरला. आता दोन केसेस चालू आहेत, एक डोळ्याची, एक गोळीबाराची. तारखा जवळजवळ आल्या की दादा आणि दामोदर एकाच गाडीतून कोर्टात जातात, कारण दादाला अजून हायवेवर गाडी चालवायला भीती वाटते. आमचे हे अजूनही पाहुण्यांना कौतुकाने सांगतात, आमचा मेव्हणा कसा दिलदार. माझ्या दाताचं त्यांना मी जिन्यावरून पडल्याचं सांगितलं आहे.

पण जल्लोषानंतर गच्चीवर जे झालं ते गावाला माहीत नाही.

दामोदर धावत मैदान ओलांडून आला. त्याचा जिन्यावरचा धापा टाकणारा आवाज मी ऐकला. वर येताना तो हसत होता. दाराशी थबकला. आधी त्याने माझं रक्ताने भरलेलं तोंड पाहिलं. मग दादाच्या हातातली रायफल, उलटी धरलेली. मग कठड्याजवळचं वाळूचं पोतं. त्याचं हसणं लगेच गेलं नाही, चेहऱ्यावर तसंच राहून गेलं. तो पोत्याकडे गेला, गुडघ्यावर बसला, हनुवटी त्या खळग्यावर ठेवली आणि समोर पाहिलं. तिथून काय दिसतं ते मला माहीत होतं. त्याचा स्वतःचा पाट, आणि शेजारी त्याची मुलगी.

मांडवात धवलारीण थांबली होती, लोक वाट बघत होते. दादा हलला नाही. मला वाटलं, आता हा उठेल आणि आमच्यापैकी कुणीतरी एक ह्या कठड्यावरून खाली जाईल. दामोदर उठला. कठड्यावर दोन्ही हात टेकले आणि मैदानावर ओरडला की दादानं बार काढला, दादा येतोय. खालून पुन्हा शिट्ट्या झाल्या. मग तो वळला, आणि आवाज इतका खाली आणून की मलाही जेमतेम ऐकू आला, म्हणाला, "चल दादा. पोर थांबलीय."

मी पदराने तोंड झाकून मागून गेले. मांडवात वाट झाली. दादा पाटासमोर उभा राहिला, वाटीत बोटं बुडवली आणि प्राजक्ताच्या गालांना, हातांना, पायांना पहिली हळद लावली. ती रडत होती. रिवाजाप्रमाणे मग मुलीच्या बापाला लावायची. दामोदर पुढे आला. दादाने भरला हात त्याच्या तोंडावर ठेवला आणि अंगठा त्याच्या डाव्या डोळ्यावर आला. तिथेच थांबला. मग तो दाबायला लागला. लोकांना वाटलं, मस्करी चाललीय, आमच्यात हळद जोरातच फासतात. मी दादाचं मनगट बघत होते, शिरा वर आल्या होत्या. दामोदरचे हात बाजूला सुटलेले होते. त्याने मान मागे घेतली नाही. उलट ती थोडी पुढे केली. जड नळीवर जो हात हलला नव्हता तो आता हलत होता, आणि मला वाटतं तेव्हा पहिल्यांदा दादाला तो डोळा कुणाचा आहे ते अंगठ्याखाली कळलं. त्याने हात काढला. दामोदरने डोळा उघडला, त्यातून हळदीचं पिवळं पाणी गालावर आलं, आणि त्याने त्या डोळ्याने दादाकडे पाहिलं.

मग डीजे परत सुरू झाला.